कपाळावरचा खडखडाट

…खडखडतंय म्हणे! कुठं खडखडतंय? तीस वर्षं दुसऱ्यांचे ट्रक चालवले मी, चाकाचा एक नट सैल झाला तरी बुडाखाली कळायचं मला, आणि आता माझाच मुलगा, माझ्या मांडीवर बसून स्टिअरिंग धरायला शिकलेला, मला सांगतो, "बाबा, पुढचे ब्रेक खडखडतायत आणि तुम्हाला ऐकू येत नाही. रविवारी येतो. आवाज असला तर किल्ली माझ्याकडे." तुम्हाला सांगतो, माझे कान ठणठणीत आहेत. लोकच हल्ली पुटपुटतात.

म्हटलं, ठीक आहे, घरीच करतो. गाडी जॅकवर घेतली, चाक काढलं. आता कॅलिपर म्हणजे काय, तर चाकामागच्या ताटलीला दोन्हीकडून चिमटीत धरतो तो. त्याच्या पिना कोरड्या ठक्क, आणि पॅड दाबून धरणाऱ्या पत्त्या पार ढिल्या. मग खडखडणार नाही तर काय… म्हणजे, खडखडत असेल तर. पिना घासल्या, ग्रीस लावलं, नव्या पत्त्या बसवल्या, गुडघे म्हणाले पुरे, मी म्हटलं अजून एक चाक आहे. दोन्ही केली.

मग बायकोला शेजारी बसवून गल्लीत चक्कर मारली. विचारलं, गेला का आवाज? तर माझं वाक्य संपायच्या आत, गेला हो, म्हणाली. चाळीस वर्षांत ही बाई माझ्याशी इतक्या चटकन सहमत झालेली नाही! आता या खडखडाटाचं असं असतं, ब्रेकवर नुसता पाय टेकवला की तो गप्प होतो. म्हणून गाडी खड्ड्यांतून घेतली आणि हिच्या कपाळाकडे बघितलं. आठी. पाय टेकवला, आठी गेली. पाय काढला, आठी परत. तीनदा केलं. माझे कान ठणठणीत आहेत, पण त्या दिवशी मी कपाळ ऐकत होतो, खोटं कशाला बोलू?

गाडी कडेला लावून चिडलोच, ब्रेकच्या बाबतीत कुणी खोटं बोलतं का म्हणून. तर ही माझ्याकडे तोंड वळवून, मला ऐकू जाईल असं म्हणाली, "किल्ली गेली की तुम्ही दारातल्या खुर्चीत नुसते बसून राहाल. मला नाही ते बघवणार. आणि खोट्याचं म्हणाल, तर तुम्ही कानांचं किती दिवस बोलताय?"

गाडी वळवली. घरी येऊन डावं चाक पुन्हा काढलं. पत्ती मीच उलटी बसवली होती. ही पायरीवर पदरात नट घेऊन बसली, एकही हरवू दिला नाही. पुन्हा चक्कर मारली, तर कपाळ इस्त्री केल्यासारखं.

रविवारी मुलाने खड्डे शोधशोधून गाडी चालवली. आवाज नाही. शब्दाचा पक्का, किल्ली पुढे केली. मीही हात पुढे केला… आणि मनात आलं, उद्या मागून कुणी सायकलवाला घंटी वाजवत आला, तर मी कुणाचं कपाळ बघणार? म्हटलं, "ठेव तुझ्याकडे. कानाचं यंत्र येईपर्यंत." मायलेक माझ्याकडे असे बघत राहिले, की मीच उठून हात धुवायला गेलो.

यंत्रवाला म्हणतो, पंधरा दिवस लागतील. तोवर मुलगा चालवतो, मी त्याच्या शेजारी, ही मागच्या सीटवर. मागून मला सारखं काहीतरी सांगत असते, मध्येच हसतेही. मी आपली मान हलवतो. काय सांगते ते… कळेल पंधरा दिवसांनी.