नव्या रस्त्याखालचा पाइप

(आईचं चौथ्या मजल्यावरचं स्वयंपाकघर. रविवारची दुपार. टेबलावर शहरातल्या पाण्याच्या पाइपांचा नकाशा पसरलेला. त्याच्याशी ताई आणि धाकटा भाऊ, ओट्याशी आई.)

धाकटा : ती एक रेघ तेवढी पिवळी कर, ताई. एवढंच मागतोय.

ताई : तू रंग नाही, माझी सही मागतोयस. लाल म्हणजे फुटायचा धोका सगळ्यात जास्त, आधी उकरून दुरुस्त करायचा. आणि आईच्या गल्लीतला पाइप लालच आहे.

धाकटा : कशावरून? पाणीखात्याचा तक्ता तूच केलास ना? पाइपाचं वय, गंज, आधी कितीदा फुटला, तक्रारी किती. रस्त्याचं काम सुरू झाल्यापासून इथून एकही तक्रार नाही, पाइप एकदाही फुटला नाही. तुझ्याच हिशेबाने ठणठणीत!

ताई : तिथेच तर मेख आहे. फुटला नाही, कारण त्यात दाबच नाही. चरात पाणी येतंय म्हणून तुम्ही रस्तेवाल्यांनी कोपऱ्यावरचा व्हॉल्व्ह अर्धा बंद करून घेतलात. काम संपलं, डांबर पडलं, व्हॉल्व्हचं झाकणही त्याखाली गेलं. उघडायची आठवण कुणाला?

धाकटा : मग राहू दे ना तसाच.

ताई : पुढच्या आठवड्यात नवी टाकी सुरू होतेय. तिचं पाणी दुसऱ्या टोकाने याच जुन्या, गंजक्या पाइपात शिरणार, पूर्ण दाबाने. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला उठवून पळायला लावायचं, तसं. आणि पाइप फुटला की पाणी जाणार कुठे? समोरच्या पाळणाघरात. ते रस्त्यापेक्षा खाली आहे, बाबा.

धाकटा : माझा पहिला स्वतंत्र रस्ता आहे हा! आत्ता कुठे फीत कापलीय. लगेच उकरला तर लोक तोंडात शेण घालतील. सख्खी बहीण आहेस की वैरीण?

ताई : सख्खी आहे म्हणून इथे बसून समजावतेय. परकी असते तर लाल रेघ मारून केव्हाच मोकळी झाले असते.

धाकटा : तुझे साहेब म्हणतात, तक्रार शून्य असताना लाल मान्यच करणार नाही. हट्ट धरलास तर बदली.

ताई : करू देत बदली. सही करीन ती लाल रेघेवरच. मला वेगळंच कोडं पडलंय. नळाला धड धार नाही, आणि अख्ख्या गल्लीतून कुणी चकार शब्द काढत नाही?

आई : मी काढू दिला नाही.

धाकटा : म्हणजे?

आई : शेजारीण तणतणत तक्रार करायला निघाली होती. मी तिला दारातच अडवलं. म्हटलं, माझा लेक रस्ता करतोय, जरा कळ काढा. घरोघर जाऊन सांगितलं. माझ्या शब्दाखातर सगळे गप्प बसले.

धाकटा : आणि तुला पाणी?

आई : खालून आणते. बादलीने.

धाकटा : चार मजले? तुझे गुडघे...

आई : गुडघे कुरकुरतात. पण तुझं कौतुक होतं रे.

ताई : म्हणजे माझ्या तक्त्यातलं ते शून्य तुझं होय, आई!

आई : माझंच. आणि त्याच्या भरवशावर कुणी पाळणाघराशेजारी दाब सोडणार असेल, तर मीच ते पुसणार. फोन दे इकडे.

धाकटा : अगं, माझ्याच रस्त्याविरुद्ध तक्रार?

आई : रस्ता झकास झालाय तुझा. उकरलास तर पुन्हा झकासच करशील. पोर बुडालं तर पुन्हा करता येतं का?

धाकटा : वरच्या साहेबांना काय तोंड दाखवू मी?

आई : सांग, आई ऐकत नाही. त्यांनाही आई असेल, समजेल त्यांना. ताई, शेजारणीला हाक मार. गल्लीला गप्प मी बसवलं, आता बोलायलाही मीच लावणार... हॅलो, पाणीखातं का? तक्रार लिहून घ्या. पाणी वर चढत नाही... कारण? माहीत आहे ना! माझ्या मुलाने व्हॉल्व्ह रस्त्याखाली गाडलाय... हो हो, माझ्याच मुलाने. इथेच बसलाय. देऊ?

ताई : आई, अगं जरा दमाने.

धाकटा : ...दे इकडे. नमस्कार. व्हॉल्व्ह कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबासमोर आहे. नाही, वरून दिसणार नाही. कुठे खोदायचं ते मी येऊन दाखवतो... हो. रस्ता माझाच आहे.