दीड शेर जवारीचा सिपारा

आमी पिंजारी. जवळा बाजारच्या अलीकडं आमचं गाव, कापूस पिंजायचा, गाद्या भरायच्या, घरात कोणी अरबीचं पयलं अक्षर अलिफबी शिकलं न्हाई, पण अम्मानं मनात घेतलं की माझं लेकरू हाफिज होईल, आख्खं कुराण तोंडपाठ करील, अन् तिनं मला जवळ्याच्या हाफिजजीच्या हवाली केलं. कुराणाची प्रत त्यांच्याचकडं, आमच्याकडं कुठली? पंधराव्या वर्षी कुराणाचे तीसच्या तीस भाग, म्हणजे सिपारे, पाठ झाले, पण नवं पाठांतर म्हणजे कच्चं मडकं, रोज कोणी ऐकून चूक धरावी लागती.

अन् नेमका तवाच प्लेग आला. काय सांगू तुम्हाला, उंदरं पटापट पडू लागली, सारं गाव रानात खोपटं घालून राहिलं, पयल्याच आठवड्यात हाफिजजी गेले, त्यांच्या घराला कुलूप, कुराण आत. माझं ऐकणारं कोणीच न्हाई.

मग पहाटं खोपटातच मी एक सिपारा म्हणायचो अन् अम्मा जात्यावर बसायची. तिला त्यातला एक बोल कळत न्हवता, पण एका सिपाऱ्याला दीड शेर जवारी, हे तिचं माप. एक दिवशी मी संपवलं अन् ती जातं थांबवून माझ्याकडं पाहून राहिली. मेरा पिसना तो हुआ नै, तेरा सिपारा कैसा हुआ रे? मी उखडलोच, म्हणलं, काहून मधी बोलून राहिली, तुला काय समजतं त्यातलं? ती म्हणली, कुराण न्हाई समजत बाबा, जवारी समजती.

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. कुराणात एकसारखे बोल लई जागी येतात, तिथं ध्यान चुकलं की माणूस थेट पुढं निघून जातो, अन् कुठून उडी मारली ते त्याचं त्याला कळत न्हाई. चार महिने मी तेच हुडकत राहिलो, घास गोड लागंना. प्लेग सरून गाव पुन्हा भरल्यावर पळत जवळ्याला गेलो, हाफिजजीच्या घरच्यांनी कुलूप काढलं, प्रत उघडली, तर दोन पानं गेलेली! अम्माचं बराबर होतं. पुन्हा सारं घोटलं, पण मनातलं भ्या गेलं न्हाई ते न्हाईच.

औंदा अम्मा गेली. रमजान तोंडावर आला, लोक म्हणतात, हाफिजसाब, रातच्याला तरावीच्या नमाजीत सारं कुराण तोंडपाठ म्हणायला तुमीच म्होरं उभं राहायचं, गावात दुसरं कोण हाय? आता पहाटं बायको दळती, पण तिचा हात संथ, रोजच जवारी उरती, अन् दर बारी माझ्या काळजात धस्स होतं, आज काही सुटलं का तिचाच हात मागं पडला? आता घरात माझी प्रत हाय, ती उघडून पडताळतो, तवा जिवात जीव येतो. नमाजीत कुठं प्रत पाहू? मी एवढंच मागतो, या अल्ला, माझं काही सुटलं तर जाब मला इचार, पण माझ्या मागं हात बांधून उभी हायेत त्या गरिबांची नमाज पुरी धर.