दुकानातला दवाखाना

(सन १९७४. मेडशीचा बाजार. जिनदास शेठच्या किराणा दुकानामागच्या खोलीत डॉक्टर बसले आहेत. ते बाजाराच्या दिवशी अकोल्याहून येतात. दुकानासमोर रामरावची बैलगाडी उभी आहे.)

जिनदास : मीठ? रामराव, गेल्या बाजारी मीठ नेलं, त्याच्या आंधी बी मीठच. घरी लोणच्याचा कारखाना काढला का?

रामराव : मंग पावभर गूळ द्या. नाई तं राहू द्या. काय घेऊ, तुमीच सांगा.

जिनदास : हे बरं हाय. इतकी वर्सं गल्ल्यावर बसून राह्यलो, कोण्या गिऱ्हाइकानं असं नाई इचारलं. खरं सांग, काय पायजे?

रामराव : डॉक्टर.

जिनदास : त्याले तराजूत कसं टाकू? जा ना मांगं, बाक खालीच हाय, एक बी पेशंट नाई.

रामराव : माह्यासाठी नाई, पंचफुलासाठी. पोळा झाला तवापासून, दिवस कलला की ताप भरते. बाहेर गाडीत बसली हाय. उतरत नाई.

जिनदास : काहून? वहिनी डॉक्टरले भेते?

रामराव : ती कोणाले भेत नाई. म्हणते, घरात मीठ हाय, तेल हाय, चहापत्ती हाय. काई घ्यायचं नाई अन् लोकाच्या दुकानात जाऊन बाकावर बसायचं, बरं दिसत नाई.

जिनदास : माह्या बाकावर बसाले सौदा घ्या लागते, असं कोण म्हणे?

रामराव : म्हणत कोणीच नाई. सारे समजतात. बबनरावची सून पोटात कळा घेऊन घरी पडली हाय. तेल सरलं की येते म्हणे.

जिनदास : घ्या. म्हून बाक खाली. अन् मी डॉक्टरले सांगून राह्यलो, मेडशीचं पाणी चांगलं, लोक बिमारच पडत नाईत.

रामराव : राग नोका मानू, शेठ.

जिनदास : राग कायचा? फिकर हाय. सकायी डॉक्टर म्हणे, जिनदास, दोनचार पेशंटसाठी एसटीचं भाडं अन् आख्खा दिवस नाई परवडत. पुढच्या महिन्यापासून मालेगावले बसतो म्हणे. चाल, वहिनीशी मीच बोलतो.

पंचफुला : शेठजी, तुमी गल्ला सोडून कायले आले? यायनं काई सांगतलं वाटते.

जिनदास : सारं सांगतलं. उतरा खाली.

पंचफुला : मी बरी हाय. ताप काय, येते अन् जाते.

रामराव : येते रोज. जाते कुठी?

पंचफुला : तुमी बैलाले पाणी पाजा.

जिनदास : वहिनी, मी दुकान बंद करतो. सौदाच नाई, तं लाजाचं काम नाई.

पंचफुला : बाजाराच्या दिवशी? माह्यापायी? मंग तं मी निंगालीच घरी.

जिनदास : बरं, राह्यलं. मंग माह्यासाठी एक काम करा. माह्या मायचा दमा तुमाले ठाऊक हाय.

पंचफुला : हीराबाईचा? गेल्या दिवाळीत त्यायची पाठ मीच तं शेकत होती.

जिनदास : आता ओसरीवरून मंदिरापर्यंत बी चालवत नाई तिले. अकोल्याची एसटी झेपत नाई. म्हून डॉक्टरले अठी जागा देली, जेवू घालतो. पण एका म्हातारीपायी डॉक्टर कसा येईन? बाक भरला तं त्याचं भाडं निंगते. भाडं निंगलं तं तो माह्या मायले पाहाले येते. मिठात मले काय सुटते, वहिनी? मले बिमार माणूस पायजे.

पंचफुला : असं कोणी मागते का, शेठजी?

जिनदास : मी मागून राह्यलो.

पंचफुला : हे आंधी सांगाचं नाई का? मी कवाचीच येऊन बसली असती. बबनरावच्या सुनेले बी धरून आनलं असतं.

जिनदास : तिलेही आना. पहिले तुमी.

पंचफुला : हीराबाईसाठी येऊन राह्यली, हां. मले काई नाई झालं.

रामराव : बरं, हीराबाईसाठी. हात दे.

पंचफुला : हळू. उभं राह्यलं की गरगरते जरा.

रामराव : हे नाई सांगतलं तू.

पंचफुला : सांगून काय? रातभर जागत बसले असते.

रामराव : जागतोच हाय. तुह्या अंगाचा चटका लागते, मंग झोप कुठची?

पंचफुला : मंग बोलले काहून नाई?

रामराव : तू म्हणशीन, काई नाई झालं.

जिनदास : भांडण बाकावर बसून करा. डॉक्टरची एसटी चारची हाय.

रामराव : जा तू. मी बैलापाशी थांबतो.

पंचफुला : बैल कुठी जात नाईत. तुमी संगं चला. डॉक्टर इचारीन, तं मी काई खरं नाई सांगणार. तुमीच सांगा.