सावंतांच्या वाट्याचं एक वाक्य

अरे, सिनेमातल्या कैद्यावरून आठवलं. त्रेपन्न-चोपन्न साल असेल, मी अंधेरीच्या एका स्टुडिओत सहाय्यक दिग्दर्शक होतो. सिनेमा होता आरोप न ठेवता तुरुंगात डांबलेल्या माणसांवर. त्यातलं कैद्याचं एक छोटं काम मी आमच्या शेजारच्या सावंतांना मिळवून दिलं. संपात पुढे होते म्हणून सावंतांना खरंच आठ महिने खटल्याशिवाय आत ठेवलं होतं. त्यात गिरणीतली नोकरी गेली. स्टुडिओत मी हे लपवलं होतं. कळलं तर त्यांना हाकलतील, या धास्तीने सकाळपासून माझा पाय एका जागी ठरत नव्हता.

त्यांना वाक्य एकच होतं, "साहेब, माझा गुन्हा काय?" ते त्यांनी अगदी हळू म्हटलं.

दिग्दर्शक वैतागले, "अहो, चिडा ना जरा! पुन्हा!"

तीनदा घेतलं, तरी आवाज तेवढाच. मी कानाशी जाऊन म्हणालो, "सावंत, ओरडा हो, नाहीतर वाट लागली."

ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पहिल्या दिवशी ओरडलो होतो रे. आठव्या महिन्यात कोण ओरडतो?"

झालं, माझं बिंग फुटलं. दिग्दर्शक त्यांच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "तसंच म्हणा. हळूच."

शॉट झाल्यावर त्यांनी सावंतांना विचारलं, "शेवटी गुन्हा कळला का?"

"नाही. सुटताना जेलरला विचारलं, आता सोडताय ते का? तो म्हणाला, तेही कळवलेलं नाही."