हरणाच्या वाटणीचा दिवा

गाडी गुपचूप दुरुस्त झाली, तर जावयाला एकच लाभ होता: सासऱ्यांच्या टोमण्यांतून तो वाचणार होता. गाडी त्यांची, जुनी आणि जिवापाड जपलेली. गॅरेजच्या बाकावरची माणसं कान देऊन ऐकत होती.

“एवढं सगळं हरणाने केलं?” मिस्त्रीने विचारलं.

“छे! ते दिवा फोडून चालतं झालं. वाकलेला बंपर मी सरळ केला.”

“कसा?”

“दोराने झाडाला बांधला आणि गाडी रिव्हर्स घेतली. बंपर झाडापाशीच राहिला.”

“आणि रेडिएटर?”

“बंपर परत बसवताना पहार जरा आत गेली.”

“धन्य आहात! बाकीचं करतो, पण हा दिवा आता बाजारात मिळत नाही. शेवटचा उरलेला एक गृहस्थ घेऊन गेले.”

“द्या त्यांचा नंबर.”

“तुमच्याकडे असेलच. सासरे तुमचे.”

जावयाने फोन लावला.

“बाबा, गाडीला हरण धडकलं. दिवा हवा होता.”

“हरणाला लागलं?” आवाज अख्ख्या बाकाला ऐकू गेला.

“नाही.”

“तुम्हाला?”

“अजून नाही.”

“मग एका दिव्यावर भागलं की, जावईबापू!”

मिस्त्री खोकला.

“दिवा हरणाच्या नावावर लिहा, बाबा. बाकी सगळं माझ्या.”