दुधाच्या डागाला गार पाणी

—अहो, असा फरफटत नका आणू, ताई, खांद्यावर घ्यायचा असतो गालिचा, आणि झालर आतल्या बाजूला! द्या इकडे. टाका या ओट्यावर. नाव-पत्ता नंतर लिहू, आधी त्याचं तोंड बघू दे मला. तेहतीस वर्षं गालिचे धुतेय—आमचे हे होते तेव्हा दोघं धुवायचो, आता मी एकटी—उलगडला की घर कळतं मला. आता बघा, याचा एकाच बाजूचा रंग उडालाय. खिडकी पश्चिमेला ना? कशावरून म्हणजे? रोज दुपारचं ऊन एकाच ठिकाणी पडल्यावर दुसरं काय होणार! आणि ही मधली वाट बघा, लव पार झोपलीय, दारापासून स्वयंपाकघरापर्यंत. सहा महिन्यांनी फिरवायचा हो, डोक्याकडचा पायाकडे! झिजला तर सगळीकडून सारखा झिजू दे, एकट्या कोपऱ्यानं का म्हणून सोसायचं? आणि हा डाग—थांबा, वास घेते—दूध. गरम पाणी ओतलंत ना? ओतलंतच. अहो, दूध, रक्त, अंडं, याला गार पाणी. गरम लागलं की डाग शिजतो, मग तो जन्माचा भाडेकरू. आणि चोळायचं तर नाहीच, फडक्यानं टिपायचं, कडेकडून आत. माझी लेक सात वर्षांची होती तेव्हा झोपेतून उठवून विचारलं तरी सांगायची—दुधाला? गार पाणी. मेणाला? बर्फ. शाईला? आईला हाक मार!

ती आता लांब असते हो, दिवसभराचा प्रवास, माझे गुडघे कुठले पोचायला! पण दर रविवारी पाचला फोन. चुकत नाही. आणि विषय काय? गालिचा! हसू नका. या घरात जन्मभर लोकांचे गालिचे आले नि गेले, आमचा म्हणून एकच, याच जातीचा, असाच लाल, असाच काठ. ह्यांनी हौसेनं आणलेला. लेक त्याच्यावरच रांगली. तिचं लग्न झालं तेव्हा मी जमिनीवरून काढून तिला दिला—ती नको म्हणत होती, पण मी ऐकते थोडीच! तेव्हापासून हे चाललंय. ‘आई, चहा सांडला, काय करू?’ ‘आई, फिरवला गं आजच.’ ‘आई, धाकट्यानं खडू घासला.’ मी सांगते, ती ‘बरं’ म्हणते. जावयाची नोकरी गेली ना, त्या रविवारीसुद्धा आम्ही गालिच्याबद्दलच बोललो. म्हणजे ती जरा रडत होती—मी म्हटलं, घर बदललंत तर कोरड्या जागी ठेव हो, कसर लागते... असो. आईनं दुसरं काय बोलायचं? पण तुमच्यासारखी गत नाही केली तिनं. कालच आणल्यासारखा ठेवलाय म्हणते. व्हिडिओवर दाखव म्हटलं की मेलं नेट नसतं तिच्याकडे.

धरा ते टोक, उलटा करू. आधी पाठीकडून झोडायचा असतो, तोंडाकडून झोडला तर माती आणखी आत रुतते... हं. थांबा. सोडा. सोडा म्हटलं ना! ही हिरवी लोकर कसली? मोजा. तुम्ही मोजा, ताई, माझा चष्मा... सतरा. सतराच ना? इस्त्री पडली होती हो इथं. लाल लोकर संपली म्हणून मी मागून हिरव्यानं गाठी मारल्या, सतरा, पुढून कळूसुद्धा नाही अशा... कुठून आणलात हा? आणला नाही? मग काय चालत आला? आधीच्या भाडेकरणीचा. तिसरा मजला—चढावरची इमारत, खाली शिंप्याचं दुकान. हो, माहितीये मला, लेकीचं पहिलं बिऱ्हाड ते, मीच चढून गेले होते एकदा, गालिचा अंथरून द्यायला. किती वर्षं झाली? सहा. राहून गेला असेल, सामान हलवताना होतं असं—नाही? तुम्ही विचारलंत तिला? आणि काय म्हणाली? नीट सांगा, तिच्या शब्दांत सांगा. ‘राहू दे, तुम्हीच ठेवा. सुटले एकदाची.’ असंच म्हणाली? हसून?

सहा वर्षं, ताई. दर रविवार. मी कुठल्या जमिनीवरचे डाग काढत होते मग? चहा सांडलाच नव्हता! गेल्या महिन्यात मेण सांडलं म्हणाली, मी आठवडाभर घोर लावून घेतला जिवाला, बर्फ पुरला असेल का म्हणून. खोटं बोलली त्याचं नाही एवढं, खोटं सगळेच बोलतात, गिऱ्हाइकं तर तोंडावर बोलतात—पण मला वेड्यात काढलं हो! रडणाऱ्या पोराच्या हातात खुळखुळा द्यावा तसं. म्हातारी वाजवत बसेल, आपण आपलं काम करू. पोटच्या पोरीनं केसानं गळा कापला. नको होता तर नको म्हणायचं स्पष्ट! म्हणजे... म्हणाली होती म्हणा. पण तसं नव्हे. तसं नव्हे हो.

वाजला बघा फोन, रविवार ना आज. पाच. घड्याळ लावून घ्या. तुम्ही बोलू नका हं, एक शब्द नाही. —हां, बोल गं. बरी आहे. गिऱ्हाईक आहे समोर, तू बोल... काय सांडलं? दूध? धाकट्यानं? गालिच्यावर, मधोमध. अगं बाई. ...मला विचारतेस? तुला नाही आठवत? ...बरं, ऐक मग. पाणी ठेव गॅसवर. हो, चांगलं उकळू दे. ओत सगळं, आणि ब्रश घेऊन खसाखसा चोळ. ...हं? ...नाही गं, गिऱ्हाईक आहे अजून. चोळशील ना? ...बरं. ठेव.

...‘बरं, आई’ म्हणाली.

काय बघताय? गुंडाळा तो. नाही धुणार मी, दुसरीकडे न्या. अहो, अशी नाही, झालर आत घ्या, झालर—हं. आणि सहा महिन्यांनी फिरवा. निघा आता, दुकान बंद करायचंय मला.