तारखेचा कागद

दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर दीर-भावजय बसले होते.

"ही बाकं बसायला केलीत की माणसाला उठवायला, कोण जाणे!"

"दादाचं ड्रेसिंग होतच आलं असेल, वहिनी."

"भाऊजी, तुम्ही मंत्रालयातले, म्हणून विचारते. मशीनला जाळी हवीच, असा कायदा झाला होता ना? तुम्हीच फोन करून सांगितलं होतंत."

"झाला होता. विधेयक मांडलं, समितीनं महिनाभर कीस पाडला, मतदान झालं, सहीसुद्धा झाली."

"मग ह्यांच्या मशीनला जाळी का नव्हती?"

"कायदा कधीपासून लागू, ती तारीख सरकारला वेगळी जाहीर करावी लागते. तोवर मालकावर सक्ती नाही."

"म्हणजे घर बांधलं आणि किल्ली द्यायचीच राहिली."

"तसंच म्हणा."

"कोणाकडून राहिली?"

"सरकारी कागद हो, फिरत असतात."

"ह्यांची तीन बोटं गेली, भाऊजी. फिरत होता म्हणू नका. कुठे होता तो कागद?"

"चहा आणू का तुम्हाला?"

"कुठे होता?"

"माझ्या टेबलावर, वहिनी. पाच आठवडे. दोन ओळी लिहून वर पाठवायचा होता. मी त्याच्यावर चहाचा कप ठेवायचो."